एक वाजता मागे

३ एप्रिल, गुरुवार

"नाही म्हणजे नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "विचारतंय कोण? सांगतेय मी."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला एकोणतीस वर्षं लागली. त्या नादात भाजी करपली. भाजीचं खापरसुद्धा डोंगरावरच फुटलं.

झालं ते असं. मेच्या सुरुवातीला शिवणखान्याची फरशी बदलणार आहेत, तीन दिवस मशिनं बंद. जेवणाच्या सुट्टीत काजं करणारी आमची काजवाली म्हणाली, "घरी बसून काय करणार? झाडलोटच ना? चला, चौघी डोंगरावर जाऊ. वरच्या निवाऱ्यापर्यंत. पहाटेच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परत." इस्त्रीवाली हो म्हणाली. सगळ्यात लहान चिमणी तर उडी मारून हो म्हणाली. मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आमच्या घरचं त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, येणार मी.

आमच्या घरात त्या डोंगराचं नाव काढत नाहीत. 'तिकडे' म्हणतात. तेवीस वर्षांपूर्वी हे आणि धाकटे भाऊजी, दोघे भाऊ, तिकडे गेले होते. दुपारी हवा फिरली. दुसऱ्या दिवशी हे एकटे चालत खाली आले. भाऊजींना चौघांनी उचलून आणलं.

त्यावर घरात एकच वाक्य आहे. धाकटा ऐकेना. हे म्हणत होते परत फिरू, आणि धाकटा ऐकेना. सासूबाई शेवटपर्यंत तेच म्हणत गेल्या — हट्टी होता माझा, हट्टापायी गेला. आमची लेक लहानपणी कशाला अडून बसली, की लगेच सगळे — काकावर गेलीस!

आज तेच मला. "तोही असाच हट्टी होता. बघितलंस ना काय झालं?" मी म्हटलं, "मग बरं आहे की. घरात हट्टी माणसाची जागा रिकामीच आहे."

बोलून गेले. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. वाईट वाटलं, फार वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

अबोला. "मीठ" — एवढा एकच शब्द दिवसभरात.

५ एप्रिल, शनिवार

हे गाडी शिकवतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. माझ्याही पायाशी तसाच एक बसवलाय आणि तो आपल्या ताब्यात आहे, असं ह्यांना वाटतं. लग्नानंतर नोकरी — ब्रेक. सायकल — ब्रेक. लेक बाहेरगावी शिकायला निघाली — कच्चकन ब्रेक! ती गेलीच. मीच पाठवली.

मला का जायचंय? आज मशिनवर बसून दिवसभर तोच विचार केला. दवाखान्याच्या चादरी सरळ शिवल्या जातात, डोकं मोकळं राहतं.

भाऊजींमुळे जायचंय. त्यांच्या हट्टाचं सगळे बोलतात, त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या डोळ्यांना तेव्हाही बारीक दिसायचं नाही. ते सकाळी कामावर निघताना माझ्यासाठी दहा सुया ओवून टाचण्यांच्या उशीत टोचून ठेवायचे. म्हणायचे, "वहिनी, एकदा तुम्हाला वर नेतो. दादाच्या तोंडून काय ऐकता, त्याला धड सांगता येत नाही." नेलं नाही. आता मी जाते. ते हट्टी, मीही हट्टी. होऊ दे काय व्हायचं ते.

नाही — हे खोडते. काय व्हायचं ते होऊ द्यायचं नाहीये. जायचं आहे आणि सगळ्यांनी परत यायचं आहे. हट्ट करायचा तो नीट करायचा.

६ एप्रिल, रविवार

देव पावला म्हणायचा! सुट्टीचं घरी शिवणकाम घेते, तर पँट आखूड करायला एक गृहस्थ आले. वय सत्तरीचं, निवृत्त. कुठे होतात म्हटलं, तर हवामान खात्यात. मी टेप गळ्यात तशीच ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि तास दीड तास सोडलंच नाही.

म्हणाले, "बाई, अंदाज गावाचा असतो. तो डोंगराला ऐकू जात नाही." खाली ऊन असलं तरी वर गारा पडतील. जितकं वर जाल तितकं गार, आणि वारा सुटला की गारठा दुप्पट. दुपारनंतर ढग वाढतात, म्हणून चढायचं ते सकाळी. आणि परत फिरायची वेळ घरीच ठरवायची. "वर गेल्यावर माणूस स्वतःशीच वकिली करतो. अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं."

मी विचारलं, आकाश बघून कळतं का? म्हणाले, "महिनाभर त्याची मापं घ्या. वारा कुठला, ढग कसला, आणि तीन तासांनी काय झालं ते लिहा. चुकाल. चुकत राहा."

मापं घ्यायचीच ना? तीस वर्षं तेच करतेय! त्यांची पँट मात्र एक बोट जास्त आखूड झाली. बोलण्याच्या नादात. चालेल म्हणाले.

८ एप्रिल, मंगळवार

वारा पश्चिमेचा. ढग कापसाच्या बोळ्यांसारखे, खालून सपाट. लिहिलं — संध्याकाळी पाऊस. थेंब नाही.

९ एप्रिल, बुधवार

लिहिलं — कोरडं. दोरीवरचे कपडे भिजले. माझेच.

१० एप्रिल, गुरुवार

गॅलरीत उभी राहून ढग बघत होते. उंच, पांढरे, केस विंचरल्यासारखे. मी पुटपुटले, "हे काही नाही." मागून पेपरच्या आडून ह्यांचा आवाज — "उद्या संध्याकाळपर्यंत बिघडेल."

वळून बघितलं तर पेपर वर गेलेला. तोंड दिसेना.

मला काय माहीत नाही होय! तिकडे जायच्या आधी हे दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असायचे. सगळं ठाऊक आहे ह्यांना. पण शिकवतील ते परक्यांना, तेही गाडी.

११ एप्रिल, शुक्रवार

सहा वाजता पाऊस. कडकडाटासकट. ह्यांनी बघितलं, मीही बघितलं.

१२ एप्रिल, शनिवार

तयारी जोरात. चौघींनी एकसारखे निळे रेनकोट घेतले, मापं पण जवळजवळ एकच. अदलाबदल होणार हे उघड होतं. मग मी दुपारभर बसून प्रत्येकीच्या डाव्या छातीवर कापडाची पट्टी शिवली, पट्टीवर लाल दोऱ्याने आद्याक्षर. दुहेरी शिलाई! चार कोपऱ्यांना टाका पक्का. काजवाली म्हणाली, "वा! सरकारी खात्यासारखं दिसतंय." माझी छाती दोन इंच फुगली.

उद्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर सराव. अंदाज म्हणतो सरी पडतील. पडू देत, त्यासाठीच तर चाललोय.

१३ एप्रिल, रविवार

शरमेने लिहवत नाहीये. पण लिहिणार.

टेकडी काय, अर्ध्या तासाची. वर पोचलो आणि सर आली, बरोबर वारा. रेनकोट घातले. वीस मिनिटं पाऊस. थांबल्यावर चौघींनी रेनकोट काढले, तर चौघींच्या अंगावर एकाच जागी ओलं. डाव्या छातीवर. पट्टीएवढा चौकोन, आणि तिथून पाणी पोटापर्यंत.

मी! तीस वर्षं सुई चालवणारी मी! पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेल्या कापडाला मीच सुईने भोकं पाडली. आणि तीही दुहेरी. तिथे साधी बाई असती तर पेनाने नाव लिहून मोकळी झाली असती. हे शहाणपण फक्त शिवणकाम करणारीलाच सुचायचं.

इस्त्रीवाली हसून हसून खाली बसली. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. काजवाली आतून सुती ब्लाऊज घालून आली होती, सुती बरं असतं, घाम शोषतं म्हणून. ते घामाने भिजलेलं, वरून माझ्या पट्टीचं पाणी, आणि वारा. उतरायला लागलो तेव्हा ती कुडकुडत होती. "गळ्याचं बटण लाव," मी म्हटलं. लागेना. दिवसाला आठशे काजं करणारी बाई! बटण काजापाशी नेतेय आणि बोटं ऐकत नाहीत. तीन वेळा सुटलं. शेवटी मी लावलं. ती म्हणाली, "लागलं होतं की." लागलं नव्हतं. आणि ते तिला कळतही नव्हतं.

ती एवढ्याशा टेकडीवर, घरापासून अर्ध्या तासावर अशी झाली. वर काय होईल?

घरी ह्यांनी ओला चौकोन बघितला. काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, "एक शब्द बोलाल तर बघा."

१४ एप्रिल, सोमवार

सकाळीच हवामानवाले आजोबा. पँट दुसऱ्यांदा दाखवायला आले होते, लांबी अजून खटकतेय म्हणून. रेनकोटचं सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "बाई, तुम्ही छत्रीला जाळी लावलीत." मग मात्र गंभीर झाले. बटणाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

म्हणाले, "थर्मामीटर कशाला हवा? बटण हेच थर्मामीटर. दर अर्ध्या तासाला प्रत्येकीने स्वतःचं बटण काढायचं, लावायचं. जिला जमणार नाही ती गारठलीय. तिला विचारायचं नाही, ती नाहीच म्हणेल."

१५ एप्रिल, मंगळवार

पंक्चरवाल्याकडे गेले. रेनकोट दाखवला. तो म्हणाला, "ट्यूब कुठाय?" मी म्हटलं, हीच ट्यूब समज. त्याने पट्टीच्या आतून सोल्युशन फासलं, रबराचे तुकडे दाबून बसवले. चारही कोट. बादलीत बुडवून फुगे येतात का बघितलं — ट्यूबचं बघतात तसं. एक फुगा नाही! रबराचा वास येतोय, येईना का.

१९ एप्रिल, शनिवार

सुती बाद. ट्रंकेतून लोकरीचं सगळं बाहेर काढलं. दोन थर आत, एक वर, त्यावर कोट. चढताना काढायचे, थांबलं की लगेच घालायचे. घाम यायच्या आधी काढा, थंडी वाजायच्या आधी घाला. चिमणी म्हणते, "मावशी, म्हणजे डोंगर चढायचा कधी? कपडेच बदलत बसायचं?" हो. कपडेच बदलत बसायचं!

कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. खजूर, शेंगदाणे. शिट्टी प्रत्येकीच्या गळ्यात. मोज्यांचे जादा जोड. इस्त्रीवालीने मोज्यांनाही इस्त्री केली.

२० एप्रिल, रविवार

लेकीचा फोन. बाबांनी सांगितलेलं दिसतंय.

"आई, कशाला? बाबांना किती त्रास होईल."

"आणि मला?"

"तुला काय त्रास?"

काय सांगणार? मला तेवीस वर्षं एका माणसाबद्दल धड रडूही दिलं नाही, हा त्रास. रडायला लागलं की कुणीतरी म्हणायचं — स्वतःच्या हट्टाने गेला.

मग तीच म्हणाली, "काकावर गेलीस तू." हसत म्हणाली, पण म्हणाली. जिला काका आठवतही नाही ती! पाच वर्षांची होती. मी म्हटलं, "गेले तर गेले. तू एक काम कर. तीन मेला, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत माझा फोन आला नाही, तर डोंगराखालच्या चौकीला फोन करायचा. नंबर लिहून घे." तिने लिहून घेतला. आवाज बदलला होता तिचा.

२४ एप्रिल, गुरुवार

अंदाज वहीत सलग चौथा बरोबर. हवामान खातं गेलं उडत!

२७ एप्रिल, रविवार

पाठपिशवी भरून पलंगावर ठेवली आणि दळण आणायला गेले. आले तर हे पिशवी उपसत होते. एकेक वस्तू पलंगावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठेवा ते! माझं आहे!"

ऐकलं नाही. सगळं काढलं आणि पुन्हा भरायला लागले. जड तळाशी, पाठीला लागून. कोरडे कपडे मध्ये. खाऊ बाजूच्या कप्प्यात. रेनकोट सगळ्यात वर. "हा तळाशी भरला होतास. पाऊस आल्यावर सगळं उपसेपर्यंत भिजशील."

हात सराईत चालत होते. तेवीस वर्षांत ह्यांना असं काही करताना बघितलं नव्हतं. मी हळूच विचारलं, "त्या दिवशी भाऊजींचा रेनकोट कुठे होता?"

हात थांबले. पिशवीचा बंद तसाच सोडून उठले आणि बाहेर गेले. जेवायला आले नाहीत. मी पण नाही जेवले.

पण पिशवी त्यांनी भरली तशीच ठेवलीय.

१ मे, गुरुवार

चौघींची सभा, इस्त्रीच्या टेबलावर. पाठकोऱ्या कागदावर नियम लिहिले. एक — जिथे असू तिथून एक वाजता मागे. निवारा चार पावलांवर असला तरी. दोन — बटण एकीचंही लागलं नाही तर सगळ्या मागे. तीन — वाटा फुटायच्या नाहीत, चौघी एकत्र. चार — कुणीही एकीने फिरू म्हटलं तर फिरायचं, चर्चा खाली आल्यावर.

चौघींनी सह्या केल्या. सगळ्यात मोठी सही काजवालीची.

२ मे, शुक्रवार

अंदाज — स्वच्छ. आजोबांना फोन केला. "सकाळ सुंदर असेल. दुपारी वारा फिरू शकतो. शिखराने टोपी घातली की बघा."

वाटेचा कागद लिहून आरशाला लावला. कुठून चढणार, कधी उतरणार, कुणाला फोन. ह्यांनी दाढी करताना वाचला. काढून टाकला नाही.

झोप येत नाहीये. भीती वाटतेय का? वाटतेय. वाटू दे.

३ मे, शनिवार

बसमध्ये. अक्षर हलतंय. आकाश धुतल्यासारखं निळं. चिमणी गाणी म्हणतेय, कंडक्टर वैतागलाय.

निघताना हे जागे होते. डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. तेवढं कळतं मला.

४ मे, रविवार

काल लिहायची ताकद नव्हती. आता सगळं लिहिते.

साडेसातला चढायला लागलो. झाडी होती तोवर मजाच. थर काढले, थर घातले. दर अर्ध्या तासाला मी शिट्टी वाजवायची आणि चौघी उभ्या राहून बटण काढायच्या, लावायच्या. खालून वर येणारे लोक बघत राहायचे. एकाने विचारलं, "काही व्रत आहे का?" इस्त्रीवाली म्हणाली, "हो, मोठं कडक आहे."

अकराला झाडी संपली. धार सुरू झाली — दोन्हीकडे उतार, मधून वाट. तिथून सगळं दिसलं. अगदी सगळं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, भाऊजी, आले बघा. मोठ्याने म्हटलं. तिघींनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

बाराला निवारा दिसला. पत्र्याचं छप्पर, पलीकडच्या उंचवट्यावर. काजवाली ओरडली, "अर्धा तास! फार तर चाळीस मिनिटं!"

सव्वाबाराला वारा थांबला. सकाळपासून पाठीवर होता, तो एकदम थांबला. मग दुसऱ्या बाजूने आला, गालावर, थंडगार. मी वर बघितलं. शिखरावर छोटासा पांढरा ढग, टोपीसारखा. मगाशी नव्हता.

मी शिट्टी वाजवली. "बटण."

काजवालीचं लागलं. चिमणीचं लागलं. माझं लागलं, दुसऱ्या खेपेला. इस्त्रीवालीचं लागेना. ती हसत होती, "हात ओले आहेत गं माझे." हात कोरडे होते.

मी म्हटलं, "फिरा."

काजवाली म्हणाली, "वेड लागलंय का? एक वाजायचाय अजून! तो बघ निवारा! तिथे जाऊनच ऊब घेऊ की."

"नियम दोन. आणि नियम चार."

"घाल चुलीत ते नियम! ऊन पडलंय लख्ख!" पडलं होतं. खरंच पडलं होतं. वरून एक जोडपं हसत खाली येत होतं, म्हणालं, मस्त आहे वर, जा जा. काजवाली मला म्हणाली, "तुझ्या दिराचं भूत तुझ्या मानगुटीवर बसलंय. आम्हाला कशाला घाबरवतेस? तू घाबरलीस असं सरळ सांग ना."

तेव्हा काय वाटलं ते कसं लिहू? थोबाडीत मारावी असं वाटलं. आणि ती खरं बोलतेय असंही वाटलं. मी घाबरले होते. इतके दिवस हट्टी, हट्टी म्हणून मिरवत होते, आणि वेळ आल्यावर शेपूट घालतेय असं वाटलं. भाऊजी असते तर पुढे गेले असते, हे मनात आलंच.

तरी म्हटलं, "हो. घाबरलेय. फिरा."

इस्त्रीवालीला मध्ये घेतलं, कोरडं लोकरीचं घातलं, खजूर तोंडात कोंबला. चिमणी मुकाट मागे वळली. काजवाली दोन मिनिटं तिथेच उभी राहिली, निवाऱ्याकडे तोंड करून. मग आली. रागाने आली, पण आली. सही केली होती ना!

झाडीत पोचलो तेव्हा धारेवर ढग उतरला होता. वाटलं, बरं झालं. पण ढग अर्ध्या तासात गेला! बस थांब्यावर बसलो तेव्हा अख्खा डोंगर उन्हात झळकत होता, निवारासुद्धा दिसत होता, चमकत होता मेला. ते जोडपं तिथेच बसलं होतं. काजवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ." परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर एकटी बसली.

साडेपाचला लेकीला फोन केला. ती रडायला लागली. कशाला रडतेस म्हटलं, काहीच झालं नाही. खरंच काही झालं नाही.

घरी दार उघडंच होतं. हे दारासमोर खुर्ची टाकून बसलेले, हातात आरशावरचा कागद. सकाळपासून तिथेच असावेत, चहाचे तीन कप खाली होते. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं, सांगितलं होतं ना म्हणाले तर तोंडावर मारायला. म्हटलं, "निवारा दिसत होता. समोर. इस्त्रीवालीचं बटण लागेना म्हणून मी फिरवलं सगळ्यांना. नंतर ऊन पडलं. हसा आता."

हसले नाहीत. "तू फिरवलंस?" एवढंच विचारलं. "त्या हसल्या नाहीत तुला?"

"हसल्या की. शिव्याही घातल्या."

"तरी फिरवलंस?"

"तरी."

मग उठून मोरीत गेले. नळ कितीतरी वेळ वाहत होता. हात धुवायला एवढं पाणी लागत नाही.

५ मे, सोमवार

शिवणखान्यात बोभाटा झालाय. नवी फरशी बाजूलाच राहिली, सगळ्यांच्या तोंडी आमचंच. "चार पावलांवरून आल्या म्हणे!" कापणारा म्हणाला, "पुढच्या वेळी निवाराच खाली आणून ठेवू तुमच्यासाठी." मी म्हटलं, "आण. पण माप नीट घे, तुझी कापलेली बाही नेहमी आखूड असते."

पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फिरेन. ऊन पडो नाहीतर आकाश. चुकले असेन तर चुकले. चौघी आज कामावर आहेत, मशिनांचा आणि इस्त्रीचा आवाज मला ऐकू येतोय. इस्त्रीवाली सकाळी म्हणाली, "मला खाली येतानाचं काहीच आठवत नाहीये गं. झाडीपर्यंतचं." कुणालाच नाही सांगितलं तिने, फक्त मला.

डबा खाताना काजवालीने तिच्या डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं.

७ मे, बुधवार

आज सकाळी चहा घेताना ह्यांनी सांगितलं. कपाकडे बघत.

"परत फिरू, असं तो म्हणत होता. दोनदा म्हणाला. मी हसलो त्याला. घाबरलास म्हटलं. मग तो माझ्यामागे आला."

मी लेकीला फोन लावला आणि ह्यांच्या हातात दिला.